सातवी पट्टी

तुम्हाला सांगते आहे ते आजवर मी कुणापाशीच बोलले नाही. घरात नाही, कॉलेजात नाही, हॉस्टेलवर माझ्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीजवळही नाही. तीन वर्षं झाली. आणि गंमत म्हणजे ते दिवस आठवले की मला अजूनही आधी हसूच येतं. इतक्या आनंदाच्या गोष्टीत मी हे कसं करून ठेवलं? पण थांबा, क्रमानं सांगते. नाहीतर पुन्हा पळवाट शोधीन.

माझा दादा मालवणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. दादा करतो — असं म्हटलं तर निम्मं खोटं इथंच झालं. दादा होडीचा तुटका भाग कापतो, घासतो, रंग देतो. भेग बुजवायची लांबी कालवते ती माझी वहिनी, सुवर्णा. रेझिनच्या वासानं दादाचं डोकं चढतं, म्हणून लग्नानंतर वर्षभरातच तो डबा तिच्या हातात आला. रेझिन नुसतं लावलं तर उभ्या भेगेतून ओघळून जातं. ते जागच्या जागी राहावं म्हणून त्यात एक पांढरी पावडर घालतात. इतकी हलकी, की फुगलेलं पोतं एका हातानं उचलावं. आणि जरा वारा आला की कामाच्या मांडवाखाली सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या! वहिनी नाकाला फडकं बांधून काम करते आणि फडक्याआडून अखंड बोलते.

मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तेव्हा शेवटचं वर्ष. एक दिवस सरांनी वर्गात छोटी बाटली आणली. म्हणाले, हा नॅनो पदार्थ — माणसानं मुद्दाम घडवलेले कण, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. थोडेसे मिसळले तरी पदार्थाची ताकद बदलते, वाहण्याची तऱ्हा बदलते. रंगांत, टायरांत, औषधाच्या गोळ्यांतसुद्धा वापरतात. बाटली फिरत फिरत माझ्या बाकावर आली. मी ती नुसती हलवली — आणि ओळखली. वर्गात कधी तोंड न उघडणारी मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, ही आमच्याकडे पोत्यानं असते." सगळा वर्ग हसला. सर नाही हसले. त्यांनी मला त्याच दिवशी प्रोजेक्टचा विषय देऊन टाकला.

घरी येऊन मी वहिनीला सांगितलं, तू रोज कालवतेस ते केवढं नवं शास्त्र आहे ते. ती म्हणाली, "मगे तुज्या दादाक सांग, हिच्याशी जरा जपान बोल म्हणान!"

काम सोपं होतं. रेझिनमध्ये कमी-जास्त पावडर घालून पट्ट्या ओतायच्या, पक्क्या झाल्या की कॉलेजच्या यंत्रात दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाब द्यायचा. कुठली किती सोसते, किती वाकते, कधी मोडते — ते मांडायचं. मी तराजूवर तोलून सहा पट्ट्या केल्या. पावडर एकदम ओतायची आणि जोरात ढवळायचं, ही माझी पद्धत. वहिनी बराच वेळ बघत राहिली. "बाय गो, वारो भरता तेच्यात," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. शेवटी तिला राहवेना. उरलेल्या रेझिनची सातवी पट्टी तिनं स्वतः केली. चिमटीनं पावडर भुरभुरवली, डब्याच्या कडेला काठीनं दाबत दाबत जिरवली, बुडबुडा दिसला की थांबली. आंबोळीचं पीठ बघावं तशी काठी उचलून बघितली. मग मला म्हणाली, "ढवळीत रवलंय की नरम, सोडलंय की घट्ट. तुज्या दादासारख्याच." दादा होडीपलीकडून ओरडला, "माका आयकाक येता हां!"

त्या पट्टीत पावडर किती गेली? कुणीच तोलली नाही. तिनंही नाही.

पट्ट्या मी वर्तमानपत्रात गुंडाळत होते तेव्हा तिनं विचारलं, "माजा नाव येतला मां गो तुज्या पुस्तकात?" मी म्हटलं, येणार तर!

यंत्रात माझ्या सहाही पट्ट्या बिस्किटासारख्या मोडल्या. कट, कट, कट. मोडलेल्या जागी बारीक बारीक पोकळ्या — वहिनीनं सांगितलेला वारा. आणि सातवी? ती वाकायला लागली. काटा चढत राहिला. मुलं आपापलं काम टाकून गोळा झाली, प्रयोगशाळेतले काका हातातला चहाचा कप तसाच धरून उभे. ती वाकते आहे, सोसते आहे, काटा चढतोच आहे. शेवटी मोडली तेव्हा आम्ही सगळे ओरडलो. मी तर उड्या मारल्या. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, त्यानंतरही क्वचितच.

सरांनी विचारलं, "ही कशी केलीस?"

उत्तर दोन शब्दांचं होतं. वहिनीनं केली. ते माझ्या ओठांवर होतं — होतं ना? मला तसं आठवतं, पण आता माझ्या आठवणीवर तरी किती विश्वास ठेवायचा? मी म्हणाले, "मिसळायची पद्धत बदलली, सर." प्रमाण? "दोन टक्के." हा आकडा मी उभ्या उभ्या काढला. अहवालात तो छापून आला, आणि खाली — पद्धत विद्यार्थिनीनं स्वतः शोधली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? मी सांगितलं, वाचून. ते खूश झाले. माझा पहिला नंबर आला.

एवढंच असतं तर कदाचित मी आज लिहायला बसलेही नसते. खरं ते पुढंच आहे.

अहवाल घेऊन घरी आले. वहिनीनं हात साबणानं दोनदा धुतले, पदराला पुसले, मग ते पुस्तक मांडीवर घेतलं. तिची शाळा चौथीत सुटली. इंग्रजी अक्षर कसं ते तिला ठाऊक नव्हतं. पानं उलटत म्हणाली, "खंय आसा?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आणि आभाराच्या पानावर एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द होता 'लॅबोरेटरी'.

"ह्या?"

"हो."

तिनं त्या शब्दावरून हळूच बोट फिरवलं. "केवढा लांब दिसता गो इंग्लिशीत!" असं म्हणून ती इतकी हसली, की मीही हसले. दुसऱ्या दिवशी तिनं वाडीभर गुळाचं खाजं वाटलं. बाजारात जाऊन त्या पानाची झेरॉक्स काढली, प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली आणि मांडवालगतच्या भिंतीवर अडकवली. होडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी विजयदुर्गाहून आलेल्या तांडेलालासुद्धा, तो कागद दाखवायची आणि बोट बरोब्बर त्या शब्दावर ठेवायची.

भीती वाटली, असं म्हणू? वर्ग पुन्हा हसेल ही लाज? काहीही म्हटलं तरी बोट माझंच होतं.

पुढं मी डिग्रीला गेले. या मे महिन्यात घरी आले तर मांडवात एक होडी पालथी घातलेली. भेगेतली लांबी ओली असताना कुणीतरी काठीनं तिच्यावर लिहिलं होतं. इंग्रजीत. सुवर्णा. बरोबर, सुवाच्य. पुतणी दुसरीत आहे. ती आईला शिकवते म्हणे, रोज शाळेतून आल्यावर. दादा कौतुकानं सांगत होता आणि मी भिंतीकडे बघत होते. कागद अजून तिथंच होता.

त्याच दुपारी होडीचा मालक आला. त्यानं कागदाबद्दल ऐकलं होतं. "वयनी, खंय आसा तुजा नाव तेच्यात?"

वहिनीनं कागद काढला. या वेळी बोट ठेवलं नाही. रेझिननं खरखरीत झालेला आपला तळवा तिनं त्या अख्ख्या कागदावर पसरला.

"पानभर आसा!" ती म्हणाली, आणि नेहमीसारखीच खळखळून हसली. मग माझ्याकडे वळली. "बाय, पावण्याक चाय ठेव गो."

मी चहा ठेवला.

सातवी पट्टी सुवर्णावहिनीनं केली होती. तिच्यात पावडर किती होती, ते मला माहीत नाही.