पडद्यावर माझं आडनाव

"इनका सरनेम मत डालो. ग्राहक को दिखेगा, अच्छा नहीं लगता."

शेठजींचा पुतण्या हे माझ्यासमोर बोलला, पण मला नाही. नवं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाला. मी शेजारच्याच खुर्चीवर होते.

जबलपुरात स्टीलच्या भांड्यांचं आमचं घाऊक दुकान. सतरा वर्षं ग्राहकांच्या याद्या मी ठेवते. आता दुकानदार मोबाइलवरून माल मागवणार होते. प्रत्येक दुकानाचं एक खातं, खात्याखाली त्यांची माणसं. कोण मागवणार, कोण मंजुरी देणार, कोण नुसतं बघणार. ही मांडणी सगळी माझ्या वहीतली. खातं उघडलं की वर दिसणार, ते सांभाळतं कोण त्याचं नाव.

माझं आडनाव वाचलं की जात कळते. म्हणून तिथे शेठजींच्या सुनेचं नाव पडलं. तिने कधी एका दुकानदाराचा फोन उचललेला नाही.

शेठजी हसले. "दीदी, काम तो आप ही करोगी. नाम से आपको क्या करना?"

मी मान डोलावली. त्याची लाज अजून वाटते.

घरी आई म्हणाली, "काहून गप्प बसून राहिली?" सांगितलं. ती फळीवरच्या डब्याकडे बघत राहिली. बाबा रांझीच्या कारखान्यात जेवण न्यायचे, तो डबा. त्यावर त्यांनी पूर्ण नाव कोरून घेतलं होतं. "लोक म्हणत, पहिलंच नाव टाक. ऐकलं नाही त्यांनी," आई म्हणाली.

खाती पुतण्याने भरली. वही न बघता. दीक्षितपुऱ्यात दोन भावांची एकाच नावाची दोन दुकानं आहेत, बोलणं बंद. माझ्या वहीत ते वेगळ्या पानांवर. त्याने दोघांना एका खात्यात बसवलं. धाकट्याची लग्नसराईची ऑर्डर थोरल्याने पाहिली आणि रद्द केली.

धाकटा दुकानात येऊन उभा. "ये खाता संभालता कौन है?"

सगळे माझ्याकडे वळले. शेठजी म्हणाले, "दीदी, जल्दी ठीक कर दो."

मी हात मांडीवरच ठेवले. "कर दूँगी. पहले मेरा नाम डालिए. सरनेम के साथ."

"अभी ये टाइम है क्या?" पुतण्या म्हणाला.

"हाँ भैया. यही टाइम है."

धाकटा वैतागला. "जिसका डालना है डालो यार, मेरा माल चालू करो."

नाव पडलं. सगळ्या खात्यांवर, आडनावासकट. मग मी भावांना वेगळं केलं. पाच मिनिटांचं काम.

त्यानंतर दोन दुकानदारांचे फोन आले. खातं दुसऱ्या कुणाकडे द्या. का, ते सांगेनात. शेठजी म्हणाले, दे दो.

दिलं नाही. बदल हवा तर अर्ज भरायचा, नियम सर्वांना एकच. त्यात कारणाचा रकाना आहे. तो मी सक्तीचा केलाय. रिकामा सोडला तर अर्ज पुढे जात नाही.

लिहा कारण. तुमच्या नावाने लिहा. माझं वरच आहे.