काचेतलं पाणी

महिपतीच्या हातून बारा वर्षांत बॉयलरचं पाणी एकदाही खाली गेलं नव्हतं. सोलापूरच्या त्या गिरणीत साहेब आले नि गेले, महिपती आपला जागेवर. बॉयलरच्या पोटात पाणी किती, ते बाहेर लावलेल्या काचेच्या नळीत दिसायचं. "हिच्यावर बायकोपरीस जास्त नजर ठेवावी लागती," असं तो म्हणायचा, आणि गोजरबाई नाक मुरडायची.

त्या साली खंडेनवमीला गिरणी बंद होती. महिपतीनं बॉयलर धुतला, पुसताना काच फुटली तर पाणी उडू नये म्हणून तिच्या वरखालच्या तोट्या बंद केल्या, हळदकुंकू वाहिलं आणि तोट्यांवर झेंडूची माळ दोऱ्यानं बांधली. बॉयलरखान्याची रीतच होती, पूजेचा दोरा ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दसऱ्यानंतर त्याची पाळी दुपारची होती. सकाळी श्रीमंत येणार होता, त्याच्याच हाताखाली शिकलेला, पाठच्या भावासारखा. तोट्या बंद आहेत एवढं त्याला सांगायचं, तेवढंच राहिलं.

गिरणी पुन्हा सुरू झाली त्या दिवशी भवानी पेठेतल्या घरी महिपती भाकरी खायला बसला. गोजरबाईनं तांब्या ठेवला, आतलं पाणी हिंदकळलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला. चालत्या बॉयलरच्या काचेत पाणी असंच हलत असतं. तोट्या बंद असल्या की मात्र आत कोंडलेलं पाणी अर्ध्यावर तसंच उभं राहतं, मग बॉयलर कोरडा पडेना का.

तो अनवाणी पळत सुटला. फाटकावर पहारेकऱ्यानं आडवा हात घातला. "पाळीला दोन तास हाईत की. बिल्ला कुटाय?"

पटांगणापलीकडे बॉयलरखान्याच्या दारात श्रीमंत उभा दिसला. महिपती गजांना धरून ओरडला, "शिरमंता, पाणी न्हाय! आत पाणी न्हाय रं!"

श्रीमंतनं ऐकलं. गुरूचा शब्द तो कधी खाली पडू देत नसे. तो आत धावला आणि त्यानं बॉयलरमध्ये पाणी सोडलं. तापून लाल झालेल्या पत्र्यावर गार पाणी कधी सोडू नये, आधी भट्टीतला विस्तव बाहेर ओढावा, हे महिपतीनंच त्याला शिकवलं होतं; पण घाईत दोघंही ते विसरले. 'विस्तव वड' हे शब्द महिपतीच्या तोंडी आले तेव्हा बॉयलरखान्याचं छप्पर उडालेलं होतं.

चौकशीच्या साहेबाला महिपतीनं सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. साहेब म्हणाला, पाळीवर जो असेल त्यानं काच तपासायची असते. कागदावर 'मयताची हयगय' असं लिहून तो निघून गेला.

तेराव्यानंतर महिपती श्रीमंतच्या घरी गेला. त्याची बायको केराबाई भिंतीला टेकून बसली होती. त्यानं तिच्या पायाशी डोकं टेकलं. "वैनी, त्याची कायबी चूक न्हाय. त्यानं पाणी बघितलं हुतं. तोट्या मी बंद केल्या हुत्या. वरडलो बी मीच."

केराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. "भावजी, तुमी लई मोठ्या मनाचं. पर मेलेल्या माणसाचा दोष आसा अंगावर घेऊ नगा."