शांताबाईंचा पत्ता

मंडळी, आज सकाळी भलत्याच कुणाच्या कर्जासाठी मला वसुलीचा फोन आला आणि सत्तर सालातली आमची घाटकोपरची खोली आठवली.

मिस्टर कामावर गेले होते. हप्त्याने वस्तू देणाऱ्या दुकानाची दोन माणसं आली आणि माझं शिलाई मशीन उचलू लागली. आधीच्या भाडेकरू शांताबाईंनी त्यांच्याकडून घेतलेल्या मशीनचे हप्ते थकवले होते.

"हे माझ्या आईने दिलंय," म्हणत मी पावती दाखवली. पावतीवरचा नंबर मशीनशी ताडून पाहून त्यांनी मशीन खाली ठेवलं.

"मग शांताबाईंचा पत्ता द्या."

पत्ता माझ्याकडे होता. त्यांच्या नावाने आलेली पत्रं पुढे पाठवायला त्यांनीच लिहून दिला होता. त्यांच्या मशीनवर चार पोरांचं पोट चालायचं.

"माहीत नाही," मी म्हणाले. ते निघून गेले.

दुकानदाराचे पैसे बुडाले असतील. तुम्ही पत्ता दिला असता का?