कमलाबाईचा चष्मा

मंडळी, आज मनाले लय लागून राहिलं, म्हणून लिहितो.

आमच्या वावरात कापूस वेचाले येणारी कमलाबाई दोन दिवस आली नाही. मी बाकीच्या बायाईसमोर बोलून गेलो, "सरकारी योजनेचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले, आता कायले येते कामाले!"

आज सकाळी सगळ्यात आधी कमलाबाईच हजर. डोळ्यावर नवा चष्मा.

"भाऊ, अकोल्याले डोळे दाखवाले गेली होती. योजनेच्या पैशातूनच चष्मा केला. आता कापसाले चिकटलेली पत्ती बी दिसते."

बाकीच्या बाया माह्याकडे पाहून राहिल्या. मी मान खाली घातली.

मागच्या हंगामात तिच्या कापसात कचरा निघाला, तर मी तिले सगळ्यांसमोर कामचुकार म्हटलं होतं.

आठ वर्षांपासून कमलाबाई माह्याच वावरात वेचते. तिची नजर कमी झाली असंन, हे मले एकदाबी कावून नाही सुचलं?