अंगठ्याखालचा बोध

आमचे इंग्रजीचे मास्तर पुस्तक उघडायचे ते अंगठ्यासकट. गोष्ट संपते तिथे खाली तिरप्या अक्षरांत एक ओळ छापलेली असे, या गोष्टीपासून आपण काय शिकतो ती. मास्तरांचा अंगठा आधी त्या ओळीवर बसायचा आणि मग गोष्ट सुरू व्हायची. आम्हालाही तसाच अंगठा ठेवावा लागे. वर्गातल्या सगळ्या पुस्तकांत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी घामाचा काळपट डाग पडलेला होता. गावाने त्यांचं नाव अंगठामास्तर ठेवलं. शिवारात इंग्रजी वाचता येणारा हा एकटा माणूस आणि नाव असं, म्हणून लोक पारावर बसून हसत. मास्तरही त्यांच्यात बसून हसत.

आमचं गाव चिखलीहून मेहकरकडे जाताना लागतं. आम्ही वऱ्हाडातले, पण शाळेचा हुकूम नागपूरहून यायचा. इंग्रजीचा वर्ग नवाच निघालेला होता आणि मास्तर हंगामी होते. तपासणीला येणाऱ्या डिप्टी साहेबांनी चांगला शेरा दिला तर मास्तर कायम आणि वर्गही कायम. शेरा वाईट पडला तर वर्ग बंद. मग ज्याच्या घरी ऐपत असेल त्याने पोराला बुलढाण्याला नाहीतर खामगावला ठेवावं, बाकीच्यांनी ढोरांमागे जावं. मी बाकीच्यांतला होतो. माझे वडील देशमुखांकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. मला इंग्रजीत घाला म्हणून मास्तर स्वतः आमच्या घरी आले तेव्हा वडील बाज झटकत म्हणाले होते, "सालदाराच्या पोराले इंग्रजी कायले पाह्यजे, मास्तर?" मास्तर म्हणाले, "त्याले गोष्ट समजते. म्हणून."

हे अंगठ्याचं खूळ कुठून आलं ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. शिकताना त्यांनी सगळ्या गोष्टींचे बोध घोकले होते. परीक्षाही त्यावर निभावली. पुढे कुणी विचारलं, की अहो, पण गोष्टीत झालं काय, तर यांची दातखीळ बसली. तेव्हापासून त्यांनी ती ओळ झाकली. एखादा पोरगा हळूच अंगठा सरकवून खाली पाहू लागला की ते म्हणत, "ठेव बे अंगठा. बोध कुठी पळून नाही चालला. आधी मानूस पाह्य."

माणूस पाहायचा म्हणजे काय, तर गोष्टीतल्या प्रत्येकाला आमच्या गावात घर द्यायचं. गोष्ट विलायतेची असो, त्यातला म्हातारा कुणाच्या आळीत राहतो हे ठरल्याशिवाय पुढचं वाक्य वाचायचं नाही. बर्फ आलं की मास्तर मागच्या साली हरभऱ्यावर पडलेल्या गारा आठवायला लावत. एकदा एका पोराने गोष्टीतला कंजूस थेट देशमुखांच्या माडीवर नेऊन बसवला. देशमुख शाळेच्या कमिटीचे मुख्य, आणि ही बातमी त्यांच्या कानावर जायला संध्याकाळही व्हावी लागली नाही. त्यानंतर मास्तरांनी गावातले सगळे कंजूस दुसऱ्या गावी, अमडापूरला हलवले.

त्या साली पुस्तकात एका चाकराची गोष्ट होती. मालक घोड्यावर बसून निघतो. घोडा पुढच्या पायाने लंगडतो आहे हे चाकराला दिसतं. तो सांगायला जातो, मालक त्याला गप्प बसवतो. वाटेत घोडा कोसळतो, मालकाचा पाय मोडतो आणि चाकर त्याला पाठीवर घेऊन घरी आणतो. मालक खूश होऊन त्याला आपला कोट देतो. या चाकराला घर कुठे द्यायचं, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, आमच्या घरी. कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, बरोबर आहे, बस खाली.

डिप्टी साहेब जबलपूरकडचे होते. ते आले त्या दिवशी वर्ग शेणाने सारवला होता आणि शेजारच्या खुर्चीवर देशमुख फेटा बांधून बसले होते. साहेबांनी पुस्तक चाळलं, नेमकी चाकराची गोष्ट काढली आणि मास्तरांनी मला उभं केलं. मी वाचली. बरी वाचली असावी, कारण साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी पुस्तक मिटायला सांगून विचारलं, यातून काय शिकलास? खाली छापलेलं वाक्य मी कधी वाचलंच नव्हतं. तिथे वर्षभर माझा अंगठा होता. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की ज्याला कळतं त्याला बोलू द्यावं, चाकर असला तरी. आणि चाकरानेही एकदा गप्प केलं म्हणून गप्प बसू नये.

साहेबांनी पुस्तक उघडून ती ओळ पाहिली. मुकाट्याने केलेल्या सेवेचं फळ मिळतं, अशी ती होती. देशमुखांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी साहेबांना हिंदीत विचारलं की पोरगा काय बोलला, आणि साहेबांनी सांगितलं. देशमुख माझ्याकडे पाहत राहिले. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही हेच शिकवता?

मास्तर एवढंसं हसले. आधी इंग्रजीत आणि मग देशमुखांना कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "नाही साहेब. बोध पुस्तकातलाच शिकवला आहे. हा मुलगा मंद आहे. सालदाराचा आहे, त्याला गोष्ट समजत नाही."

मग त्यांनी दुसऱ्या पोराला उभं केलं. त्या पोराने चोरून ओळ वाचलेली होती, त्याने ती खडाखड म्हणून दाखवली. मी उभाच होतो. मला वडिलांची लाज वाटली, ते सालदार होते म्हणून. लगेच वडिलांची लाज वाटली याची लाज वाटली. पण सगळ्यांत जास्त लाज मास्तरांकडे पाहताना वाटली. ज्या माणसाला आपण मानतो त्याचं धोतर भर बाजारात सुटावं आणि आपण समोरच असावं, तसं झालं. मी मान खाली घातली. त्यांनीही घातली असेल, मी पाहिलं नाही.

शेरा चांगला पडला. मास्तर कायम झाले, वर्ग कायम झाला, आणि खरं सांगायचं तर त्याच वर्गावर मी पुढचं सगळं शिकलो. कायम मास्तराला शोभलं पाहिजे म्हणून देशमुखांनी त्यांना काळा कोट शिवून दिला. मास्तर तो रोज हातावर टाकून आणत, वर्गातल्या खुंटीला अडकवत आणि सुटी झाली की तसाच घेऊन जात. अंगावर घातलेला मी कधी पाहिला नाही. अंगठाही गेला. आता ते गोष्ट काढली की आधी खालची ओळ फळ्यावर लिहायचे आणि आम्ही ती उतरवून घ्यायचो. गोष्टीतल्या माणसांना घरं द्यायचं बंद झालं. मला ते कधी रागावले नाहीत आणि फारसं उभंही केलं नाही.

पुढे मी खामगावच्या शाळेत जायला निघालो तेव्हा वडील मला सडकेवर मोटारीपर्यंत पोचवायला आले. मृग लागून गेला होता तरी पाऊस नव्हता, ऊन नुसतं तापत होतं. मास्तर तिथे आधीच येऊन उभे होते. वडिलांनी माझी वळकटी खाली ठेवली, डोक्याचं मुंडासं काढलं आणि भर सडकेवर मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमी होते म्हून, मास्तर," एवढंच बोलले.

मास्तर मागे सरकले. पाय कुठे ठेवावे हे त्यांना कळेना. वडील वळकटी टपावर द्यायला गेले तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरी सांगतलं नाही तू?"

"नाही."

"काऊन?"

वडिलांना तोंड कसं दाखवायचं म्हणून, की मास्तरांना वाचवायचं म्हणून, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. वडील अजून टपाशीच आहेत ना, ते मास्तरांनी पाहिलं. मग म्हणाले, "त्या चाकराले कोट भेटला होता, ध्यानात आहे ना? मलेही भेटला. बोध तुले माहीतच आहे."

मोटारीने भोंगा वाजवला. मास्तर वळले आणि वडिलांचा निरोप न घेता शाळेच्या वाटेने चालू लागले. वडील खिडकीशी आले. "कोट कोट काय म्हनत होते रे मास्तर?"

मी म्हणालो, "थंडीचं जपून राह्य, म्हणाले."

वडिलांनी मुंडाशाच्या शेवाने कपाळाचा घाम पुसला आणि दूर जाणाऱ्या मास्तरांकडे बघत म्हणाले, "पाह्य. आतापासून तुह्या थंडीची फिकर. असा मानूस भेटत नाही, बापू."