काशीच्या लग्नाचे अकरा बाण

मोशीच्या शिवारातून गावानं एकदा सरकारी मोजणी परतवून लावली आणि त्या लढाईतला पहिला वीर म्हणून माझ्या डोक्याला फेटा बांधला. आता पन्नाशी जवळ आली, आमचे वडील, आबाही गेले, म्हणून सांगून टाकतो. ती मोजणी सरकारनं काढलीच नव्हती. मी काढली होती!

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीचं, काशीचं लग्न ठरलं. (आधीची दोन स्थळं मोडली होती. त्यामुळं आबांनी महिनाभर घरात शिंकायलाही बंदी केली होती.) नवरदेव देहूरोडचा, त्याचे वडील तिथं कारकून. वऱ्हाड नाशिक रस्त्यावरच्या फाट्याला लॉरीतून उतरणार आणि तिथून दीड मैल बांधाबांधानं आमच्या मळ्यावर येणार. गोरज मुहूर्त. वाटेला चार ठिकाणी फाटे फुटायचे, तेव्हा पाहुण्यांना ‘या, या’ म्हणत घेऊन यायचं काम नवरीच्या भावाचं. म्हणजे माझं!

आणि मी तर असा मुखदुर्बळ, की माझ्यापुढं घरची भिंत बोलकी वाटावी. चाळीस अनोळखी माणसांना ‘या’ म्हणायचं, या कल्पनेनंच मला हीव भरलं.

पण तेव्हा मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात रंगाऱ्याच्या हाताखाली होतो. तिथं कोणी कोणाला वाट सांगत नसे. भिंतीवर लाल बाण दिसला, की मुकाट तिकडं चालायचं. कवटी दिसली, की मुकाट मागं फिरायचं. न बोलता जग चालतं हे बघून मला स्वर्गच सापडला होता! लग्नाच्या आदल्या दुपारी, सगळे मळे जेवून आडवे झालेले असताना, मी बांधावरच्या अकरा दगडांवर अकरा लाल बाण काढले आणि व्याह्यांना निरोप धाडला, ‘बाण बघत या. एकूण अकरा आहेत.’ (रंग कारखान्याचा होता. तेही आज कबूल करतो.)

एकच गोष्ट विसरलो. पिंपरीकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, तेव्हा सगळ्यांत आधी दगडांवर बाणच उमटले होते. आमच्या शिवारात बाणाचा अर्थ ‘इकडून या’ असा नव्हताच. ‘जमीन गेली’ असा होता!

लग्नाच्या दिवशी, उन्हं कलती होता होता, रखमाआत्या मांडवात घुसली. शेजारच्या मळ्याची ही मालकीण. ती कानात बोलली तरी आळंदीला ऐकू जाई.

“आबा, मांडव कसला सजवताय? जमीन निघाली हातची! माझ्या बांधावर बाण हाय!”

“माझ्या बी दगडावर हाय!” मागून दोघंतिघं ओरडले.

“आन् समदे बाण तुमच्याच मळ्याकडं तोंड करून हायेत, आबा!”

आबा मटकन खाली बसले. ‘ते बाण माझे’ एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, मिटलं, आणि रॉकेलची बाटली नि चिंधी घेऊन पळालो. मळ्याच्या बाजूनं पुसत निघालो. सहा बाण पुसून होतात तोच मागं दीडशे माणसं!

“आरं, बघा, बघा! सरकारची खूण पुसतंय पोरगं! तुरुंगाची बी भीती न्हाई!”

माझे हात कोपरापर्यंत लाल. गुन्ह्याचा पुरावाच तो, पण गावाला त्यात शौर्य दिसलं.

इतक्यात समोरून चौघं आले. (बायकापोरांना लॉरीजवळ थांबवून ही मंडळी वाट काढायला पुढं निघाली होती.) पुढच्याच्या डोक्यावर साहेबी टोपी, काखेत चामडी बॅग, हातात कागद. तो दगडाशी वाकला, बाणावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाला, “हा चौथा!”

“मोजत्यात!” गाव कुजबुजलं.

“हा पाचवा! आणि... सहावा कुठं गेला?”

“पुसला!” कोयता उगारून रखमाआत्या आडवी आली. “तुमी बी फिरा मागं!”

“अहो बाई, मी नवऱ्या मुलाचा बाप आहे!”

“व्हय तर! पिंपरीला मोजणीवाले पाणी प्यायला आलोय म्हनत आले हुते!”

व्याह्यांना गावात फक्त आबा ओळखत होते, आणि आबा तिकडं मांडवात डोकं धरून बसलेले. व्याही लालबुंद झाले. “पुरे झालं! फिरवा लॉरी. अशा गावात सोयरीक नको!”

म्हणजे तिसरं स्थळ! गाईंच्या पायांची धूळ लांबवर दिसायला लागली होती. तिकडं काशी मळवट भरून बसली होती. खरं सांगावं तर गाव फाडून खाणार, न सांगावं तर बहीण जन्माची घरी बसणार. तेवढ्यात माझं लक्ष मागं उभ्या असलेल्या कोटवाल्या तरुणाकडं गेलं. त्याच्या खिशातून मोत्यांचा सर लोंबत होता. शहरी माणूस! लाजून मुंडावळ्या खिशात घातलेल्या!

मी जन्मात पहिल्यांदा ओरडलो, “दाजी, मुंडावळ्या बांधा!”

त्यांनी घाईघाईनं बांधल्या, त्याही तिरक्या.

“अगं बया!” रखमाआत्याचा कोयता खाली आला. “नवरदेव हाय की ह्यो!”

मग काय विचारता! पुढं कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लढायला आलेल्या दीडशे जणांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं. पाचव्या बाणाच्या दगडावरच रखमाआत्यानं व्याह्यांचे पाय धुतले. लॉरीजवळची बायकापोरं वाजतगाजत आणली आणि नेमक्या गोरज मुहूर्तावर अख्ख्या शिवारानं अक्षता टाकल्या. “असं स्वागत राजालाही मिळत नाही,” असं व्याही मरेपर्यंत सांगत होते. व्याही बाण का मोजत होते, हे त्या गडबडीत कोणी विचारलंच नाही, आणि त्याच मांडवात, खुणा पुसून मोजणी परतवणारा बहाद्दर म्हणून, माझ्या डोक्याला फेटा चढला. मी बोललो नाही. (सवयच नव्हती!)

पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. परवा भाचा म्हणाला, “मामा, फाट्यापासून बाण काढू या का?” म्हटलं, “नको! मीच उभा राहीन फाट्यावर, हात लांब करून.”

“तोंडानं काही बोलणार नसलात तर राहूच नका,” बायको म्हणाली. “लांबून बुजगावणं दिसाल. वऱ्हाड उतरणारच नाही!”

म्हणून सध्या रोज सकाळी आरशापुढं ‘या, या’ची तालीम करतो. काल पहिल्यांदा खणखणीत जमलं. आरशातला माणूस दचकून दोन पावलं मागं सरकला!