सुभद्राबाईंच्या अंगातलं सोनं

दवाखान्यात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! सत्तरच्या दशकात मी आमच्या वऱ्हाडी मालेगावात एका डॉक्टरांचा कंपाउंडर होतो. आमचा पेशंट निदान घरूनच करून यायचा. मान दुखो की गुडघा, "वात हाय साहेब, सुई मारा!"

किन्हीराजाचे किसनराव बायकोला घेऊन आले. सुभद्राबाईंची बोटं सुजून हळकुंडासारखी झाली होती.

"सकाळी किती वेळ आखडतात?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

उत्तर किसनरावांनी दिलं, "भाकरी थापाचं नाव काढलं का आखडते! हात नाही चालले तं इले मानोऱ्याले माहेरी धाडतो, दुसरी करतो."

बैल बदलायचा असल्यासारखा बोलला माणूस! मला भयंकर चीड आली. डॉक्टर बाईंना म्हणाले, "मूठ वळा." ती अर्ध्यातच अडली.

आमच्या डॉक्टरांना संधिवातावरही इंग्रजी झाडल्याशिवाय चैन पडत नसे. "रूमॅटॉइड!" ते गरजले. पुढच्या खेपेला सुभद्राबाई दोन्ही मनगटं करकचून बांधून हजर!

"हे कोणी सांगितलं?" डॉक्टर भडकले.

"तुमीच तं म्हनलं," किसनराव म्हणाले, "रुमाल टाइट!"

मी रुमाल सोडले आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या बांधून दिल्या. काही दिवसांनी किसनरावांची तक्रार आली, "हे आता माह्यं आयकूनच नाही राह्यली!"

"गोळ्यांनी कान वाजतात, ऐकू कमी येतं. गोळ्या कमी करू," डॉक्टर म्हणाले.

एवढं मात्र बाईंना नेमकं ऐकू आलं. "राहू द्या साहेब, आता तं गुण येऊन राह्यला!"

तरी सूज हटेना. शेवटी सोन्याचं इंजेक्शन ठरलं; तेव्हा या दुखण्यावर सोन्याचे क्षार टोचत. "पितळाचं नाही का?" किसनरावांनी विचारलं.

सोन्याने मूत्रपिंड बिघडत नाही ना, हे बघायला इंजेक्शनाआधी दर वेळी लघवी तपासावी लागे. किसनरावांनी मला बाजूला घेतलं. "सोनं वाहून जाते का पाहून राह्यले ना? मंग बाटली मले वापस द्या!" मी बाटली दिली नाही, हे सांगायला नकोच.

कपाशी घरात आली तोवर सूज उतरली होती. एकदा दोघं सुईसाठी बसली असताना बाईंचा भाऊ मानोऱ्याहून थेट दवाखान्यातच आला.

"भाऊजी, तुमाले दुसरी करायची हाय ना? मी ताईले घेऊन जातो."

किसनराव उसळले. "नेऊन तं पाय! माह्यं सोनं हाय तिच्या अंगात!"

सुभद्राबाई बाकावरून उठल्या. "घ्या मंग काढून!" म्हणत त्यांनी नवऱ्याच्या नाकासमोर हात धरला आणि मूठ वळली.

आमचे डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठले.

"पूर्ण वळली! पूर्ण वळली!"